पॅरिसचा श्वेतमास

'सूट' हा शब्द आज आपल्याला दुकानाच्या पाटीवर भेटतो. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तो परिचित होता तो महसुलाच्या दप्तरातला. पर्जन्याने दगा दिला, पीक बुडाले, की रयत मामलेदाराच्या कचेरीत अर्ज करी, आणि सरकारची मर्जी झाल्यास त्या सालच्या साऱ्यात सूट मिळे किंवा वसुली तहकूब होई. ह्या व्यवहारात एक तत्त्व गृहीत धरलेले होते. जमाबंदीच्या कागदावर आकार आधी निःसंदिग्धपणे लिहिलेला असेल, तरच त्यातून सोडलेल्या रकमेला सूट म्हणता येते. जेथे मुळात आकारच ठाम नाही, तेथे काय सोडले आणि काय घेतले ह्याचा हिशेब कोणी कोणाला द्यावा?

व्यापाराच्या इतिहासालाही हाच न्याय लागू पडतो. चादरी, पडदे, टेबलावरची वस्त्रे, चिनी मातीची भांडी अशा सुबक गृहोपयोगी वस्तूंच्या वार्षिक सवलत-विक्रीला आज जी झुंबड उडते, तिचे पूर्वसूत्र शोधू लागल्यास आपण एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये, सेव्हर आणि बाक ह्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या 'बाँ मार्शे' ह्या विख्यात दुकानापाशी येऊन पोचतो. ह्या नावाचा अर्थच मुळी 'स्वस्ताई' असा आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी पॅरिसचा व्यापार व्यावसायिक श्रेणींच्या कडक नियमांनी जखडलेला होता. ज्याने त्याने आपापल्या श्रेणीचाच माल विकावा, दुसऱ्याच्या धंद्यात हात घालू नये, असा दंडक होता. १७९१ साली ह्या श्रेणी कायद्याने बरखास्त झाल्या, तरी जुनी रीत लगोलग नाहीशी झाली नाही. दुकानात पाऊल टाकणे म्हणजे खरेदीची बांधिलकी पत्करणे, असा समज होता. मालावर किमतीची चिठ्ठी नसे. विक्रेता गिऱ्हाइकाचा पोशाख, बोली आणि निकड पाहून भाव सांगे आणि मग घासाघीस सुरू होई. लग्नाचा बस्ता बांधताना वडीलधाऱ्यांसमवेत कापड दुकानाच्या गादीवर ज्यांनी बैठक मारली आहे, त्यांना ही रीत समजावून सांगण्याचे कारण नाही. तिच्यात ओळखपाळख होती, जिव्हाळाही होता. परंतु जाणत्याला कमी आणि अजाणाला जास्त, असा एक उघड अन्यायही तिच्यात होता.

हा अन्याय दूर करण्याचा पहिला प्रयत्न पॅरिसच्या नव्या धर्तीच्या कापड दुकानांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केला होता. अशाच एका दुकानात, नॉर्मंडीतील बेल्लेम गावच्या एका टोपीवाल्याचा १८१० साली जन्मलेला मुलगा आरिस्तिद बूसिको हा विक्रीचा धंदा शिकला. १८५२ साली तो बाँ मार्शेचा भागीदार झाला, तेव्हा त्या दुकानात मालाचे ४ विभाग आणि १२ नोकर होते आणि वर्षाची विक्री सुमारे ५ लाख फ्रँक होती. बूसिकोने तेथे जे नियम घालून दिले, ते सगळेच त्याच्या बुद्धीतून निघालेले नव्हते. परंतु ते एकत्र आणून इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या निष्ठेने पाळून दाखविण्याचे श्रेय निश्चितपणे त्याचे आहे. कोणीही आत यावे, माल पाहावा, हाताळावा आणि काही न घेता परत जावे. प्रत्येक वस्तूवर एकच किंमत लिहिलेली असावी आणि ती सर्वांना सारखी असावी. घेतलेली वस्तू पसंत पडली नाही तर परत आणावी. आणि दुकानाने थोड्या नफ्यावर भराभर माल विकून तेच भांडवल वर्षातून अनेकदा फिरवावे, असे ते नियम होते. १८६३ साली, न्यूयॉर्कमध्ये मिठाईच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एका फ्रेंच गृहस्थाच्या कर्जाऊ साहाय्याने, बूसिकोने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला, तोवर विक्री ७० लाख फ्रँकांवर गेली होती. १८७७ साली तो मरण पावला तेव्हा ती ७ कोटींच्या पलीकडे पोचली होती.

निश्चित किंमत रूढ झाली, आणि मगच सवलतीला अर्थ प्राप्त झाला. घासाघिशीच्या पेठेत सूट ही दोन माणसांमधली खाजगी तडजोड होती. चिठ्ठीवर किंमत लिहिणाऱ्या दुकानात ती सर्व शहराला उद्देशून केलेली जाहीर घोषणा झाली. फ्रेंच भाषेत अशा विक्रीला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ हिशेबातील 'शिल्लक' असा आहे. हंगामाअखेर उरलेला माल काढून टाकण्याची ही पद्धत म्हणजे वहीतली शिल्लक मिटविण्याचाच प्रकार होता. परंतु बाँ मार्शेची कीर्ती ज्या विक्रीने दिगंत झाली, ती जानेवारीतील पांढऱ्या कापडाची विक्री ह्याहून निराळी होती. नववर्षाच्या भेटवस्तूंची खरेदी आटोपली की पॅरिसची पेठ थंडावे आणि नोकरवर्ग रिकामा बसे. त्या मंदीच्या दिवसांत, कित्येक महिने आधी माल मागवून ठेवून, बूसिकोने एक नवा हंगामच निर्माण केला. खिडकीबाहेर पडणारे हिम पाहून त्याला शुभ्र वस्त्रांची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, हिवाळ्याच्या त्या दिवसांशी ती शोभून दिसते खरी.

त्या विक्रीच्या दिवशी आत जाणाऱ्या गृहिणीला काय दिसत असेल? १८६९ साली पायाभरणी होऊन पुढे टप्प्याटप्प्याने वाढत १८८७ साली पूर्णतेस गेलेल्या, स्थपती लुई-शार्ल ब्वालो आणि अभियंता गुस्ताव्ह आयफेल ह्यांचा हात लागलेल्या त्या लोखंडी सांगाड्याच्या वास्तूत काचेच्या छतातून जानेवारीचा फिकट प्रकाश उतरत असे, आणि त्या प्रकाशात जिकडे दृष्टी जाईल तिकडे शुभ्र चादरी, शुभ्र रुमाल, शुभ्र पडदे आणि शुभ्र फुले ह्यांच्या राशी मांडलेल्या असत. चालून थकलेल्यांसाठी वाचनालय आणि विनामूल्य फराळाची सोय होती. फ्रेंच कुटुंबात कन्येच्या विवाहासाठी घरवापरातील कापड डझनांच्या हिशेबाने जमवून त्यावर तिच्या नावाची आद्याक्षरे भरण्याची चाल होती. त्यामुळे जानेवारीची ही खरेदी म्हणजे हौस नव्हती, ती संसाराची तजवीज होती. जी मध्यमवर्गीय माता आजवर दर वर्षी थोडे थोडे कापड विणकऱ्याकडून किंवा गावच्या दुकानदाराकडून घेई, तिला आता आकडे वाचून, तुलना करून, कोणाची मनधरणी न करता आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करता येऊ लागली. ज्यांना पॅरिसला येणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी सूचिपत्रे टपालाने रवाना होत. १८९४ सालच्या हिवाळी हंगामात अशी १५ लाख सूचिपत्रे धाडली गेली.

ह्या वैभवाची दुसरी बाजू लपविणे इतिहासाशी प्रतारणा होईल. एमिल झोलाने ह्याच दुकानांत जाऊन टिपणे केली आणि १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत अशा एका भव्य दुकानामुळे आसपासचे लहान दुकानदार कसे देशोधडीला लागतात ते दाखविले. त्या कादंबरीची अखेरही पांढऱ्या कापडाच्या विक्रीच्या दिवशीच होते. ज्या चादरी आणि रुमाल इतके स्वस्त मिळत, त्यांना शिवण घालणाऱ्या स्त्रियांची मजुरी तुटपुंजी असे. आपल्या नोकरांसाठी मात्र बूसिकोने १८७६ साली भविष्यनिर्वाह निधी सुरू केला, आणि त्याच्या पश्चात पत्नी मार्गरीत हिने १८८० साली नोकरांना भागीदारीत घेतले. १८८७ साली ती निवर्तली. तिच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८९७ पासून सुमारे शतकभर पॅरिसच्या रुग्णांची सेवा करीत होते.

विसाव्या शतकात ह्या परंपरेने आणखी एक पाऊल टाकले. आतापर्यंत दुकान माल निवडी. आता ते कलावंताकडून त्याची रचना करवून घेऊ लागले. प्रँताँ ह्या दुकानाने १९१२ साली 'प्रिमाव्हेरा' नावाची कार्यशाळा काढली; गालरी लाफायेतने मोरीस द्युफ्रेनच्या नेतृत्वाखाली 'ला मेत्रीझ' स्थापली; बाँ मार्शेची 'पोमोन' पोल फोलोच्या हाती आली. फर्निचर, गालिचे, दिवे, मातीची भांडी ह्यांना कलावंताचा हात लागावा आणि तरी ती मध्यम स्थितीच्या घरात जावीत, असा त्यांचा संकल्प होता. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात ह्या कार्यशाळांचे स्वतंत्र मंडप उभारले गेले. पोमोनच्या मंडपाचा स्थपती लुई-इपोलित ब्वालो हा बाँ मार्शेची मूळ वास्तू रचणाऱ्या ब्वालोचाच पुत्र होता. बापाने दुकान बांधले आणि मुलाने त्याच दुकानाच्या कलाकृतींना घर दिले. नामवंत रचनाकारांच्या गृहवस्तू सवलतीत मिळतात म्हणून आज जी गर्दी लोटते, ती नकळत ह्याच संकल्पाची वारस आहे.

ह्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष मला एकच दिसतो: सवलतीची प्रतिष्ठा मूळ किमतीच्या सचोटीवर उभी असते. फ्रेंच कायद्याने पुढे हेच तत्त्व मान्य केले. तेथे हंगामी सवलत-विक्रीच्या तारखा सरकारी नियमाने ठरतात, आणि त्या विक्रीत ठेवलेला माल निदान महिनाभर आधीपासून विक्रीस असलेला असावा लागतो. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खोट्या सवलतीची जाहिरात अनुचित व्यापारप्रथा ठरविली आहे. परंतु कायद्याचा हात प्रत्येक पाटीपर्यंत पोचत नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की पुढच्या विक्रीला जाण्यापूर्वी, जी वस्तू मनात असेल तिची किंमत महिनाभर आधी दुकानात जाऊन पाहावी आणि वहीत टिपून ठेवावी. मूळ आकार ठाऊक असलेल्या रयतेलाच आपल्याला सूट किती मिळाली हे सांगता येत असे. गिऱ्हाइकाची गोष्ट त्याहून वेगळी नाही.