विधिमंडळात ठराव मंजूर झाला म्हणजे कायदा झाला का?

नाही. ठराव म्हणजे सभागृहाचे मत किंवा सरकारला केलेली शिफारस. विधेयक हा कायद्याचा मसुदा असतो. त्यावर कलमवार चर्चा आणि मतदान होते. गरज वाटल्यास ते समितीकडे जाते. दोन्ही सभागृहांच्या मंजुरीनंतर राज्यपालांची सही झाली की विधेयकाचा कायदा होतो.

मराठवाड्याने हा फरक जवळून पाहिला आहे. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. तेव्हा लातूरचे आमदार शिवराज पाटील चाकूरकर विधानसभेचे अध्यक्ष होते. ठरावानंतर दंगली उसळल्या. नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ठराव मात्र अमलात आला नाही.

साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. लातूर जिल्ह्यातील महाविद्यालये आज त्यालाच जोडलेली आहेत.

म्हणून ‘ठराव मंजूर’ अशी पोस्ट दिसली की आपल्या आमदाराला पुढचा प्रश्न जरूर विचारा: अंमलबजावणी कधी? आणि त्यासाठी कायदा लागणार असेल, तर विधेयक कधी?