दुभाष्यावाचून तार मुकी



रेडिओचा आवाज तुमच्या ओसरीपर्यंत येतो, तो कशातून येतो? आपल्या जुन्या शास्त्रकारांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. तिकडे युरोपात एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी अशी कल्पना केली, की प्रकाशाच्या लाटा वाहून नेणारे एक अदृश्य द्रव्य सगळीकडे भरून राहिले आहे. त्याला त्यांनी ईथर म्हटले. १८८७ साली अमेरिकेत मायकेल्सन आणि मोर्ले या दोघांनी मोठ्या कसोशीने त्याचा माग काढू पाहिला; माग काही लागला नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने आपला सिद्धांत मांडला आणि मग ईथरची गरजच उरली नाही. द्रव्य गेले, पण नाव मात्र राहिले. आज शाळेतल्या संगणकाच्या पाठीमागे जी निळी किंवा करडी तार खोचलेली असते ना, तिच्या नावात ते जाऊन बसले आहे. ईथरनेट म्हणतात ते हेच.

परंतु आजची हकिकत नुसत्या तारेची नाही. तार आणि संगणक यांच्यामध्ये एक कार्ड असते, आणि ते कार्ड व संगणकाचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली यांच्यामध्ये एक छोटासा प्रोग्रॅम उभा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस्. टी.चा चालक येतो. पण याचे काम दुभाष्याचे आहे. जुन्या काळी दरबारात परमुलखाचा वकील आला की मध्ये दुभाष्या लागे. दुभाष्या नसला, तर वकील कितीही विद्वान असो, दरबारापुढे तो मुकाच. तसेच हे आहे. तार उत्तम, कार्ड उत्तम, संगणक उत्तम, पण मध्ये दुभाष्या नाही, तर सगळा खर्च फुकट. हा दुभाष्या कसा घडला, कुठे अडला आणि त्याला शिकवले कोणी, हे पाहू.

सुरुवात समुद्रातून करावी लागते. हवाई बेटांवरील विद्यापीठात १९७१ साली नॉर्मन एब्रॅमसन यांनी निरनिराळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली. त्या योजनेचे नाव अलोहानेट. तिथे अडचण अशी, की दोन यंत्रे एकदम बोलली तर दोघांचेही बोलणे वाया जाई. त्यावर तोड साधी होती. पोच आली नाही, तर थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा बोलायचे. किती थांबायचे ते ज्याचे त्याने नशिबावर सोडायचे, म्हणजे पुन्हा दोघे एकाच क्षणी तोंड उघडणार नाहीत. रॉबर्ट मेटकाफ नावाच्या तरुणाने हा विचार उचलला. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तो कामाला होता. २२ मे १९७३ रोजी त्याने एक टिपण लिहिले आणि त्यात ईथरनेट हे नाव सुचवले. मग डेव्हिड बॉग्ज याच्या साहाय्याने त्याने ते जाळे उभे केले. हवाईत माध्यम हवेतले होते, इथे एक तार. तीच सगळ्यांना समाईक. गावच्या पाणवठ्यावर जसे सगळे येतात, तशी सगळी यंत्रे त्या एका तारेवर येत.

पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला सुमारे २९ लाख ४० हजार बिट होता. बिट म्हणजे एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तारेचे नियम छापून जाहीर केले. वेग ठरला सेकंदाला १ कोटी बिट. प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असावा, त्यातला निम्मा भाग कार्ड करणाऱ्या कंपनीची खूण आणि उरलेला निम्मा त्या कार्डाचा स्वतःचा, अशीही व्यवस्था झाली. १९८३ साली अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने ईथरनेटला प्रमाण म्हणून मान्यता दिली. नियम उघडे झाले म्हणून कोणीही कार्ड करू लागला आणि कार्डे स्वस्त होत गेली.

इथेच खरी मेख आहे, ती नीट ध्यानात घ्या. तारेवर कसे बोलायचे हे सगळ्यांसाठी एक झाले. पण कार्डाने आपल्याच संगणकाशी कसे बोलायचे, हे कोणीच ठरवले नव्हते. एका कंपनीचे कार्ड एका रीतीने निरोप हातात देई, दुसरीचे दुसऱ्या. बाजाराची भाषा एक, पण घरोघरची बोली वेगळी! म्हणून जितकी कार्डे, तितके दुभाषे.

आता दरबाराकडे वळू. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली सुरू केली. तिच्यात एक सुरेख शिस्त होती. टंकयंत्र असो, तबकडी असो, प्रत्येक उपकरण फाइलीसारखे दिसावे. उघडा, वाचा, लिहा, मिटा. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील मंडळींनी युनिक्सची आपली आवृत्ती काढली, आणि १९८३ सालच्या तिच्या ४.२ क्रमांकाच्या आवृत्तीत जाळ्यावर बोलण्याची सोय आली. गंमत अशी, की जाळ्याचे कार्ड त्या फाइलीच्या शिस्तीत बसेना. फाइल आपण वाचतो तेव्हाच ती बोलते. कार्डावर मात्र कोणाचा निरोप केव्हा येऊन आदळेल, याचा नेम नाही. म्हणून कार्डाला फाइल न करता निराळे नाव दिले, आणि त्याला पत्ता देण्यासाठी आयएफकॉन्फिग नावाची आज्ञा केली. ती आज्ञा पुढे कित्येक वर्षे जगभरच्या संगणक सांभाळणाऱ्यांच्या बोटांत बसून राहिली.

बर्कलीच्या त्या काळात कार्ड बसवणे म्हणजे एक व्रतच होते, बरं का! कार्ड कोणत्या जागी आहे, ते एका यादीत हाताने लिहायचे. मग त्या यादीवरून प्रणालीचा सगळा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, नव्याने बांधायचा. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे. यादीत एक आकडा चुकला, की पुन्हा पहिल्यापासून सगळे.

१९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर लिनक्स सुरू केले आणि त्याचा मजकूर जगापुढे मोकळा ठेवला. हे लिनक्स महागड्या यंत्रांवर नव्हे, तर टेबलावरच्या साध्या संगणकावर चाले. अशा संगणकात त्या दिवसांत एक कार्ड फार आढळे. त्याचे नाव एनई-२०००. मूळ कार्ड नॉव्हेल कंपनीचे, पण त्याच्या नकला इतक्या निघाल्या, की अस्सल कोणते हे शोधावे लागे.

हे कार्ड बसवताना दोन गोष्टी सांगाव्या लागत. पहिली म्हणजे कार्डाचे दार, ज्या क्रमांकावर संगणकाने त्याच्याशी देवाणघेवाण करायची ती जागा. दुसरी त्याची घंटा. निरोप आला की कार्ड घंटा वाजवते, आणि संगणक हातातले काम बाजूला ठेवून तिकडे पाहतो. संगणकात अशा घंटा होत्या अवघ्या १६, शून्यापासून पंधरापर्यंत; त्यातली शून्य क्रमांकाची घड्याळाला आणि एक क्रमांकाची कळफलकाला आधीच दिलेली. एनई-२००० चे नेहमीचे दार सोळाच्या मोजणीतले ३००, आणि घंटा तिसरी. पण तीच तिसरी घंटा संगणकाच्या दुसऱ्या सीरियल जोडणीचीही असे! शाळेत दोन वर्गांना एकच घंटा लावली तर काय गोंधळ होईल, ते शिक्षकांना सांगायला नको. मग कार्डावरच्या टाचणीएवढ्या पिनांवरचे इवलेसे टोपण, म्हणजे जंपर, काढून दुसऱ्या जागी बसवायचे, आणि तोच आकडा ड्रायव्हरलाही कळवायचा. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर मोठे फसवे चित्र दिसे. कार्ड सापडे, त्याचा पत्ताही दिसे, पण निरोपांची ये-जा होत नसे. दार बरोबर, घंटा चूक!

‘मग संगणकाने स्वतःच कार्ड शोधावे की!’ असे तुम्ही म्हणाल. तसेही करून पाहिले. ड्रायव्हर एकेका दारावर टकटक करून आत कोण आहे ते पाही. पण त्या दारामागे भलतेच यंत्र असले, तर नुसत्या टकटकीनेही ते बिघडे आणि सारा संगणक थिजून जाई. म्हणून एनई-२००० चा ड्रायव्हर वेगळा चढवायचा असला, तर दाराचा क्रमांक आधी सांगावाच लागे. अंधारात दारे ठोठावू नयेत, हा धडा असा मिळाला.

लिनक्सचे हे सुरुवातीचे कितीतरी दुभाषे डोनाल्ड बेकर या एका माणसाने लिहिले. पुढे तो नासाच्या गोडार्ड केंद्रात होता. तिथे १९९४ साली त्याने आणि टॉमस स्टर्लिंगने बाजारात मिळणारे १६ साधे संगणक ईथरनेटने जोडून त्यांच्याकडून मोठ्या गणकयंत्राचे काम करून घेतले. त्याचे नाव बेवूल्फ. एका तारेचा वेग पुरेना, तेव्हा ड्रायव्हरमध्ये फेरफार करून त्यांनी दोन तारा एका जोडीसारख्या चालवल्या. हे जमले ते ड्रायव्हरचा मजकूर उघडा होता म्हणून. कुलूपबंद असता, तर कंपनीची मनधरणी करत बसावे लागले असते.

दरम्यान १९९२ साली इंटेलने पीसीआय नावाची नवी रीत काढली होती. तीत कार्ड स्वतःच आपली ओळख सांगते. माझा कर्ता अमुक क्रमांकाचा, माझा नमुना तमुक क्रमांकाचा. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला क्रमांक ८०८६, म्हणजे त्यांच्याच एका गाजलेल्या प्रोसेसरचे नाव! दार आणि घंटा आता संगणकच वाटून देतो. प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपण कोणाकोणाची बोली जाणतो याची यादी असते. क्रमांक जुळला की तो ड्रायव्हर आपोआप चढतो. जंपर गेले, यादी हाताने लिहिणे गेले.

पण ओळख कळली म्हणजे बोली कळली असे नाही, मित्रहो. काही कंपन्या कार्डाची माहितीच देत नसत. एन्व्हिडिया कंपनीच्या एनफोर्स संचातल्या ईथरनेटचे तसेच होते. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर होता, पण त्याचा मजकूर बंद. तेव्हा २००३ च्या सुमारास तिघा जणांनी एक नामी युक्ती केली. दोघांनी कार्डाची वागणूक तपासून तिचे वर्णन लिहिले. तिसऱ्याने फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा ठपका यायला नको म्हणून ही वाटणी. त्या ड्रायव्हरचे नाव फोर्सडेथ. तो इतका चांगला ठरला, की पुढे त्या कंपनीच्याच अभियंत्यांनी त्यात भर घातली. दार आतून लावलेले असले, तरी चिकाटीच्या माणसाने ते असे उघडवले.

अलीकडची एक गोष्ट सांगून संपवतो. लिनक्समध्ये पहिल्या कार्डाला ईथ-शून्य, दुसऱ्याला ईथ-एक म्हणत. पण संगणक सुरू होताना कोण आधी जागा होईल याचा भरवसा नाही. आजचे शून्य उद्या एक व्हायचे. यावर २०१३ पासून अनेक लिनक्स प्रणालींत कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे, त्यावरून नाव देण्याची पद्धत आली. नाव लांबले, पण पक्के झाले. आयएफकॉन्फिगच्या जागीही बहुतेक ठिकाणी आयपी ही आज्ञा आली आहे.

शिक्षकांनो, आपल्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल आणि एखाद्या सकाळी जाळे बंद पडले, तर हाच इतिहास क्रमाने आठवा. प्रथम तार पाहा. कार्डावरचा बारीक दिवा लागतो का? मग कार्ड पाहा. एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की संगणकाला ते दिसते का? मग दुभाष्या पाहा. डीमेसेज या आज्ञेने निघणाऱ्या नोंदीत ड्रायव्हर चढल्याची ओळ आहे का? आणि शेवटी पत्ता पाहा. क्रम सोडला, की माणूस शाबूत कार्ड फेकून देतो आणि नव्यावर पैसे घालतो.

ते जुने कार्ड फेकण्यापूर्वी एवढे मात्र तपासा, की त्याचा दुभाष्या कोणी लिहून मोकळा ठेवला आहे का. ठेवला असेल, तर कर्त्या कंपनीने दुकान बंद केले तरी त्या कार्डाची बोली लोपत नाही; जाणता माणूस ती वाचून पुन्हा चालती करू शकतो. कारण यंत्र गंजते ते लोखंडाने. पण मुके होते ते त्याची भाषा लिहून न ठेवल्यामुळे. ज्यांनी ती लिहून ठेवली, त्यांच्या श्रमांवर आपल्या शाळेतली ती निळी तार बोलते आहे.