तक्रारीचं तिकीट

आयटीवाल्यांच्या कचेरीत पासवर्ड अडला, प्रिंटर रुसला, की मदतीला बसलेला माणूस ओळखीचा असला तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तिकीट टाकलंयस का?’ रेल्वेचं तिकीट आपण काढतो, पोस्टाचं चिकटवतो, निवडणुकीचं मिळवतो किंवा ऐनवेळी ते कापलं जातं. हे चौथं तिकीट मात्र टाकायचं असतं. कुणी ‘रेज कर’ म्हणतं, कुणी ‘लॉग कर’ म्हणतं; पण ‘टाक’ हे क्रियापद मला सगळ्यांत नेमकं वाटतं. मराठीत पत्र टाकतात, आणि यांतली बरीचशी तिकिटं मुळात पत्रंच असतात. मदतकक्षाच्या पत्त्यावर मेल जातो, एक प्रोग्राम तो उचलतो, त्याला क्रमांक देतो, आणि पत्राचं तिकीट होतं.

‘तिकीट’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला हे सांगायला नको. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचं घराणं ‘चिकटवणं, खोचणं’ या अर्थाच्या क्रियापदाचं आहे. इंग्रजीतला ‘स्टिक’ त्याच गोत्रातला. कुठेतरी लावलेली, खोचलेली चिठ्ठी ती ‘एतिकेत’. इंग्रजीत येताना तिचा पहिला स्वर गळाला आणि ‘टिकेट’ उरलं. गंमत अशी, की फ्रेंचमध्ये याच शब्दाला दरबारी रीतिरिवाज असाही अर्थ चिकटला आणि अठराव्या शतकात तो इंग्रजीत दुसऱ्या दारानं शिरला : एटिकेट. तेव्हा तिकीट आणि शिष्टाचार ही सख्खी भावंडं. पुढे हे नातं कामाला येणार आहे.

इंग्रज पत्रावरच्या कागदी चौकोनाला ‘स्टॅम्प’ म्हणतो, म्हणजे ठसा. कराचीहून १८५२ साली ‘सिंद डाक’ची तिकिटं निघाली, ती आशियातली पहिली. आपल्या लोकांनी या वस्तूला ठसा म्हटलं नाही, तिकीट म्हटलं. चिकटवायच्या वस्तूला मूळचा चिकटवण्याचाच शब्द मिळाला, तोही तो तसा आहे हे कुणाला ठाऊक नसताना. फ्रेंच पूर्वजाला सगळ्यांत जवळचं तिकीट असेल तर ते पोस्टाचं.

दुरुस्तीच्या कामात हा शब्द आणला तो अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांनी. ग्राहकाचा फोन बंद पडला, की तक्रार घेणारा कारकून छापील कार्डावर नंबर, वेळ आणि बिघाड लिहायचा. ते कार्ड तपासणीच्या टेबलावर जायचं, तिथून लाइनमनकडे, आणि काम झाल्यावर शेरा घेऊन परत यायचं. त्याला म्हणत ‘ट्रबल तिकीट’. संगणकाच्या जाळ्यांची देखभाल करणाऱ्यांनी ते नाव जसंच्या तसं उचललं. मिशिगनमधल्या मेरिट नेटवर्क या संस्थेच्या डेल जॉन्सन यांनी जानेवारी १९९२ मध्ये, आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत १२९७ या क्रमांकाखाली, अशा तिकीट-यंत्रणेत काय काय असावं याची यादीच प्रसिद्ध केली. मेरिटकडे तेव्हा एनएसएफनेट या इंटरनेटच्या कण्याची जबाबदारी होती. जॉन्सन यांनी तिकिटाची तुलना रुग्णालयातल्या रुग्णाच्या नोंदपत्राशी केली आहे : पाळी बदलते, डॉक्टर बदलतात, परिचारिका बदलतात, पण आधी काय झालं ते त्या कागदावर असतं. आपल्याकडे त्याला ‘केसपेपर’ म्हणतात. तिकिटापेक्षा हा शब्द वस्तूला जास्त शोभला असता, असं माझं मत. पण शब्द निवडायला कुणी मत मागत नाही.

आता मेलकडे. टेलिफोनच्या काळात ऐकणारा माणूस होता. तीच बाई दुसऱ्यांदा फोन करते आहे हे त्याला आवाजावरून कळायचं, आणि तो नवं कार्ड न करता जुन्यावरच एक ओळ वाढवायचा. मेल उचलणाऱ्या प्रोग्रामला आवाज नाही. त्याच्यापुढे प्रत्येक पत्र नवंच. इथे मला ‘तक्रार’ हा शब्द आठवतो.

‘तक्रार’ अरबी आहे, आणि अरबीत त्याचा अर्थ आहे पुनरुक्ती. तीच गोष्ट पुन्हा करणं, पुन्हा म्हणणं. फारसीतही तेच. हिंदी-उर्दूत येता येता ‘तकरार’ म्हणजे हुज्जत झाली. तेच तेच बोलत राहिलं, की हुज्जत व्हायला कितीसा वेळ लागतो? मराठीनं त्यातला भांडणाचा आवाज थोडा खाली आणला आणि गाऱ्हाणं एवढा अर्थ घेतला. मूळ अर्थ कोशात राहिला खरा, पण तक्रारदार तो रोज पाळतात. सोमवारी मेल. बुधवारी तोच मेल, वर ‘कृपया लक्ष घालावे’. शुक्रवारी पुन्हा तोच, या वेळी साहेबांना प्रत. यंत्रणा भोळी असेल तर तीन तिकिटं होतात, तीन माणसांकडे जातात, आणि एक प्रिंटर दुरुस्त करायला तीन जण येतात किंवा (जास्त वेळा) एकही येत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. तक्रार म्हणजे पुन्हा म्हणणं आणि तिकीट म्हणजे चिकटवणं. म्हटलेलं पुन्हा म्हटलं गेलं तर ते पहिल्यालाच चिकटवायचं, एवढंच या प्रोग्रामचं मुख्य काम. बाकी सगळी सजावट.

ते तो कसं करतो, हे सांगायला सरकारी पत्राचा नमुना पुरेसा आहे. पत्ता संपला, की ‘विषय :’ आणि त्याखाली ‘संदर्भ : आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक’. मेलच्या डोक्यावरही, एरवी आपल्याला न दिसणाऱ्या ओळींत, हेच असतं. प्रत्येक मेलला स्वतःची एक ओळखखूण असते. उत्तर देणारा मेल ‘मी अमक्याचं उत्तर’ अशी ओळ घेऊन येतो. आणि ‘रेफरन्सेस’ या ओळीत आधीच्या पत्रांच्या खुणा ओळीनं लिहिलेल्या असतात. १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्ये या ओळींची व्याख्या आहे. यात पूर्वजांच्या द्रष्टेपणाचं कौतुक करायचं कारण नाही. आपलं शासकीय पत्र आणि मेलचा मथळा, दोघांचाही आजा एकच : इंग्रजी कचेरीतला खलिता. ‘सीसी’ ही अक्षरंसुद्धा कार्बन कागदाची आहेत, आणि तो कागद आता पाहिलेली माणसंही कमी होत चालली.

विषयाच्या ओळीत उत्तराला आपोआप लागणारी ‘रे’ ही दोन रोमन अक्षरं ‘रिप्लाय’ची आहेत असा सार्वत्रिक समज आहे. मेलच्या प्रमाणग्रंथात, म्हणजे २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्ये, ती लॅटिन ‘इन रे’ची म्हणून नोंदली आहेत : ‘अमुक बाबतीत’. म्हणजे ती आपल्या ‘विषयी’चीच जुळी. जर्मन मेल-प्रोग्राम तिथे ‘उत्तर’ या जर्मन शब्दाची अक्षरं लावतात, स्वीडिश लोक त्यांची, आणि फक्त ‘रे’ पाहून धागा जुळवणारा प्रोग्राम तिथे फसतो. म्हणून शहाणे प्रोग्राम विषयात स्वतःचाच शिक्का मारतात : चौकटी कंसात संस्थेचं नाव आणि तिकिटाचा क्रमांक. जेसी व्हिन्सेंट यांनी १९९६ मध्ये लिहायला घेतलेल्या ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’चा हा शिक्का अनेक विद्यापीठांच्या आणि इंटरनेट कंपन्यांच्या पत्रव्यवहारात दिसतो. उत्तर देणाऱ्यानं विषयाची ओळ खोडली नाही, तर पत्र बरोबर आपल्या तिकिटावर जाऊन बसतं. खोडली, तर नवं बिऱ्हाड.

याच रिक्वेस्ट ट्रॅकरकडे मेल पोचतो ती वाटही पाहण्यासारखी आहे. मेल-सर्व्हरकडे एक यादी असते, ‘अलियासेस’ नावाची. कोर्टाच्या कागदांत ज्याला ‘ऊर्फ’ म्हणतात तेच हे. मदतकक्षाचा पत्ता डाव्या बाजूला. उजव्या बाजूला माणसाच्या पेटीऐवजी एक उभी रेघ आणि पुढे प्रोग्रामचं नाव. त्या रेघेला ‘पाइप’ म्हणतात. पत्र पेटीत न पडता नळातून थेट प्रोग्रामच्या तोंडात पडतं. ज्यांना सर्व्हरला हात लावायची मुभा नसते, ते साधी पेटी ठेवतात आणि प्रोग्राम ठरावीक वेळानं येऊन ती रिकामी करतो. पोस्टमननं पेटी उघडण्याच्या वेळा पत्र्यावर लिहिलेल्या असायच्या, तसं.

आणि इथे सरकारी नस्तीशी साम्य अगदी अंगावर येतं. नस्तीला दोन भाग असतात : पत्रव्यवहार आणि टिपणी. बाहेरच्याशी जे बोलायचं ते पत्रव्यवहारात. आपापसांत जे बोलायचं ते टिपणीत. रिक्वेस्ट ट्रॅकरला मेल देताना हेच सांगावं लागतं, हा ‘पत्रव्यवहार’ की ‘शेरा’. दोन वेगळे पत्ते असतात. पहिल्यावर लिहिलेलं ग्राहकाला जातं, दुसऱ्यावरचं घरात राहतं. ‘या गृहस्थांना प्लग लावायला सांगा’ हे वाक्य चुकून पहिल्या पत्त्यावर गेलं, तर पुढचं तिकीट साहेबांच्या नावानं निघतं.

‘क्यू’बद्दल फार लिहीत नाही. आलेली तिकिटं कामाप्रमाणे वेगवेगळ्या रांगांत लावतात आणि रांगेला ‘क्यू’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘क्यू’ म्हणजे शेपूट. मारुतीचं शेपूट आपल्याकडे आधीपासून आहे, सणानंतरच्या सोमवारी त्याचं दर्शन होतं.

रांगेत लावण्यालाच ‘राउटिंग’ म्हणतात. ‘रूट’चं लॅटिन मूळ ‘रुप्ता’, म्हणजे फोडलेली : डोंगर-रान फोडून काढलेली वाट. आपली ‘वाट’ संस्कृत ‘वर्त्मन्’ची, चाकं फिरून फिरून पडलेली. पत्र वाटेला लावणं म्हणजे रवाना करणं, मार्गी लावणं म्हणजे काम पुढे सरकवणं, आणि नुसतं ‘वाट लावणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. ‘विल्हेवाट’ या तिन्हींच्या मधे कुठेतरी उभी आहे. राउटिंगला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी ‘मार्गण’ वगैरे बनवण्याआधी या चौघींकडे पाहावं, कारण चुकीच्या नियमानं पगाराची तक्रार प्रिंटरच्या रांगेत गेली, की लोक आपणहून अचूक शब्द वापरतातच.

‘टपाल’ची व्युत्पत्ती मात्र अजून वादात आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानं मूळ अस्पष्ट म्हणून सी. पी. ब्राउन यांचा एक तर्क नोंदवला आहे : फ्रेंच ‘एताप’, म्हणजे मुक्काम, टप्पा. तर्क खरा असो-नसो, मेल आजही टप्प्याटप्प्यानंच जातो, आणि वाटेतला प्रत्येक सर्व्हर ‘मला मिळालं’ अशी वेळेसह एक ओळ त्याच्या डोक्यावर चढवतो. मेल उशिरा का आला याचा तपास तिथून लागतो.

आता ते शिष्टाचाराचं नातं. कचेरीत अर्ज दिला, की आपण दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागतो. ‘इनवर्ड करून घ्या, पोच घ्या’ असं घरातली वडीलधारी बजावतात. आवक क्रमांक असलेली ती प्रत म्हणजे अर्जाचा जीव. (या ‘आवक’मधलं ‘आव’ मराठीत एकटं चालत नाही, आपण येतो, गुजरातीत मात्र ‘आववुं’ रोजचं आहे, आणि ‘आवक-जावक’ ही जोडीही तिकडे आहेच.) तिकीट-यंत्रणाही पोच देते : ‘आपला मेल मिळाला, आपला क्रमांक अमुक.’ सौजन्य आहे, आणि क्रमांक हातात देण्याची युक्तीही. पण पाठवणारा रजेवर असला तर? त्याचा मेल-प्रोग्राम तितक्याच सौजन्यानं कळवतो, ‘मी रजेवर आहे.’ हे नवं पत्र, त्याला नवं तिकीट, नवी पोच, पुन्हा ‘मी रजेवर आहे’. दोघंही सभ्य, दोघंही अथक. सकाळी कचेरी उघडेपर्यंत रांगेत रजेचीच तिकिटं. यावर कीथ मूर यांनी ऑगस्ट २००४ मध्ये आरएफसी ३८३४ लिहिलं, ते यंत्रांचं एटिकेटच आहे : आपोआप निघालेल्या पत्रावर ‘हे आपोआप निघालं’ अशी ओळ घाला, आणि ती ओळ दिसली तर उत्तर देऊ नका. न पोचलेल्या पत्राची सूचना तर मेल-सर्व्हर पाठवणाऱ्याचा परतीचा पत्ता कोरा ठेवूनच पाठवतात, म्हणजे उलट उत्तराला जागाच उरत नाही.

माणसांचं सौजन्य आवरायला मात्र असा नियम नाही. तिकीट निकाली निघतं, ‘बंद’ म्हणून शेरा पडतो, ग्राहकाला तसं कळवलं जातं. ग्राहक सुसंस्कृत असतो. तो उलट टपाली एकच शब्द लिहितो, ‘धन्यवाद’. विषयाच्या ओळीत क्रमांक जसाच्या तसा, त्यामुळे प्रोग्राम पत्र बरोबर त्या तिकिटाला चिकटवतो, आणि ग्राहकानं पुन्हा लिहिलं म्हणजे तक्रार उरली आहे, असं धरून तिकीट उघडतो. मदतकक्षातली माणसं या आभारांना वैतागलेली असतात. चेन्नईत २०१० मध्ये सुरू झालेल्या फ्रेशडेस्क या तिकीट-यंत्रणेनं तर आभाराची पत्रं ओळखून तिकीट बंदच ठेवणारी सोय करून दिली. ज्यांच्याकडे ती नाही, तिथला माणूस तिकीट पुन्हा बंद करतो, ग्राहकाला पुन्हा तसं कळवलं जातं, आणि काही ग्राहक त्यावरही आभार मानतात.