दाखल्यावरची तारीख



पुढच्या आठवड्यात आमच्या नातीची चंद्रपूरला आरटीओत ड्रायव्हिंगची टेस्ट आहे. घरात सध्या दुसरा विषय नाही. अंगणात खडूने मोठा आठचा आकडा काढलाय आणि त्यावरून तिची स्कूटी फिरते. पाय टेकला की पुन्हा पहिल्यापासून. (खडू माझ्याच शाळेच्या जुन्या डब्यातले!)

ह्याच नातीशी मागच्या वर्षी माझं चांगलंच वाजलं होतं. तेव्हा ती सतरा वर्षांची. "आजी, वर्गातल्या सगळ्या चालवतात, मीच का नाही? आणि अठराच का? सतरा वर्षं अकरा महिन्यांत काय कमी असतं?" प्रश्न चोख होता. आयुष्यभर इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, पण उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसले.

पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटार चालवणाऱ्याला परीक्षा देऊन परवाना घ्यायला लावलं. इंग्लंडात मात्र उलटा प्रकार. तिथे १९०३ च्या कायद्याने परवाना आला, वयाची अट सतरा वर्षांची घातली, पण परीक्षा नाही! पैसे भरा, परवाना घ्या. १९३४ साली तिथे रस्त्यावर सात हजारांहून अधिक माणसं मेली. तेव्हा कुठे १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. म्हणजे परवान्यानंतर तीस वर्षांनी शहाणपण आलं.

आपल्याकडे १९१४ साली पहिला देशव्यापी मोटार कायदा झाला आणि त्यातच अठरा वर्षांची अट आली. ती १९३९ च्या कायद्यात राहिली, १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या आजच्या कायद्यातही राहिली. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला सोळा, इतर गाड्यांना अठरा, ट्रक-बससारख्या गाड्यांना वीस.

अठराच का, ह्याचं मला पटलेलं उत्तर असं. १८७५ च्या कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान ठरतो. अठराव्या वाढदिवशी अक्कल येते असं कुणाचंच म्हणणं नाही. पण आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ज्याला स्वतः उभं राहून जाब द्यावा लागेल, त्याच्याच हाती हँडल द्यावं. रेघ कुठेतरी ओढावी लागते, ती तिथे ओढली.

आता आपल्या भागाचं. १९१४ चा कायदा ब्रिटिश मुलखाचा. आपला राजुऱ्याकडचा हा पट्टा तेव्हा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सरकारी बससेवा सुरू केली, २७ बसगाड्या आणि १६६ माणसं घेऊन. आपली एसटी धावली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर). राजुरा तालुका १९५६ ला नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ ला चांद्यात आला. जिल्हे बदलले, तरी इथल्या बहुतेकांची गाडी म्हणजे बंडीच. मग १९८० च्या दशकात आवारपूरला आणि गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आले, आणि बंडीच्या रस्त्यावर एकदम ट्रक धावू लागले. माणसं तीच, रस्ता तोच, वेग मात्र दुसराच. शिकायला वेळ कुणाला मिळाला?

ह्या सगळ्यात शाळामास्तरांचाही एक वाटा आहे. लायसनसाठी वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला चालायचा. आणि दाखल्यावरची जन्मतारीख कुणाची? आमची! आईवडिलांना तारीख ठाऊक नसे. "पोळ्याच्या आसपास झाला, त्या साली पाणी लई होतं," एवढ्यावर आम्ही अंदाज बांधायचो आणि १ जुलै लिहून मोकळे व्हायचो. कोण कधी अठरा वर्षांचा होणार, हे आमच्या टाकाने ठरायचं.

आता जे सांगायला इतके दिवस लागले ते सांगते.

साल १९९१. नववीतला एक मुलगा वडिलांची लुना घेऊन शाळेत यायचा. माझं घर त्याच्या वाटेवर. "बाई, बसा ना, सोडून देतो." मी बसायचे. एक-दोनदा नव्हे, पावसाळाभर. त्याची जन्मतारीख रजिस्टरात माझ्याच अक्षरात होती. सकाळी वर्गात नागरिकांची कर्तव्यं शिकवायची आणि संध्याकाळी पंधरा वर्षांच्या पोरामागे बसून घरी जायचं.

एका संध्याकाळी वळणावर समोरून ट्रक आला. पोराने घाबरून लुना खाली घातली, तिथे बंडी उभी होती. मला खरचटलं. त्याच्या नडगीचं हाड मोडलं. वर्ष वाया गेलं आणि पाय जरा आखूड राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील माझ्या दारात हात जोडून उभे: "बाई, पोराची चूक झाली, माफी करा." माफी मी मागायला हवी होती. मी म्हणाले, "असू द्या."

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा पालकाला धरतो. मागे बसलेल्या बाईंना धरत नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती गप्प झाली. अठरा पूर्ण झाल्यावरच तिने लर्निंग काढलं. ते सहा महिने चालतं, आणि किमान तीस दिवस झाल्यावर टेस्ट देता येते. गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लागला. मी तिला पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचायला लावली. परीक्षेच्या नियमांत हाताने इशारा देणं आहे, उतारावर खालचा गिअर टाकणं आहे, चढावर थांबून मागे न सरकता पुढे निघणं आहे. स्कूटीला ह्यातलं सगळं लागत नाही, पण वाचून एक कळलं. गाडी पळवता येते का, हे कुणी विचारतच नाही. थांबता येतं का, आणि दुसऱ्याला आधी सांगता येतं का, हेच विचारतात.

परवा तो विद्यार्थी घरी आला होता. आता पन्नाशीला टेकलाय. अंगणातला आठ बघून नातीला म्हणाला, "बेटा, आरशात दिसलं तरी मान वळवून बघायचं." चहा देताना मी त्याची माफी मागितली. तो हसला. "बाई, लुना तर माझ्या बाबांची होती." मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

असो. तुमच्या घरी कुणी "बसा, सोडून देतो" म्हणालं, तर बसण्याआधी त्याचं वय आठवा. निकाल काय लागतो ते कळवीनच.