‘पुरे’ हा निरोप
लहानपणी पंगतीत मी दुसऱ्यांदा जिलबी घेतली की कुणीतरी म्हणायचंच, ‘जरा तोंडावर ताबा ठेव.’ त्याच पंगतीत माझा भाऊ चार जिलब्या खायचा आणि काडीसारखाच राहायचा. त्याला मात्र कुणी काही म्हणत नसे. ताबा म्हणजे नेमकं काय, हे मला पुढे उंदरांच्या एका गोष्टीतून कळलं.

१९४९ साली अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर भलतेच लठ्ठ निघाले. त्यांचं वजन इतर उंदरांच्या जवळपास तिप्पट व्हायचं आणि खाणं काही थांबायचं नाही. आई आणि बाप दोघांकडूनही एकच बिघडलेलं जनुक मिळालं, की पिल्लू असं निपजायचं. पुढे तिथेच लठ्ठ उंदरांचा दुसरा एक वाण सापडला. त्याचं बिघडलेलं जनुक वेगळं होतं.

डग्लस कोलमन या संशोधकाने उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने जोडल्या. त्यामुळे एकाचं रक्त दुसऱ्यात जाऊ लागलं. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर त्याचं खाणं कमी झालं. दुसऱ्या वाणाचा जोडला, तर मात्र शेजारचा साधा उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. कोलमनने ताडलं की रक्तातून ‘पुरे’ असा निरोप जात असणार. पहिल्या वाणाला तो धाडता येत नाही, दुसऱ्याला तो ऐकू येत नाही. पण लठ्ठपणा हा सवयीचा दोष, असं मानणाऱ्या अनेकांना हे पटलं नाही.

१९९४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते पहिलं जनुक शोधलं. निरोप धाडणाऱ्या संप्रेरकाला पुढे लेप्टिन हे नाव मिळालं. ते तयार होतं चरबीच्याच पेशींत! ज्या चरबीला आपण नुसतं कोठार समजत होतो, ती मेंदूशी बोलत होती.

१९९७मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना लेप्टिनच नसलेली दोन चुलत भावंडं आढळली. त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिची भूक आटोक्यात आली, वजन उतरू लागलं. तिच्यात एकाएकी मनोनिग्रह आला नव्हता. हरवलेला निरोप पोचला होता.

असा बिघाड फार दुर्मीळ. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. २००७मध्ये सापडलेल्या एफटीओ जनुकाच्या एका रूपाच्या दोन्ही प्रती असल्या, तर वजन सरासरी तीनेक किलोच जास्त भरतं. अशी अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. ती पूर्वीही होतीच. तळलेलं-गोड मात्र आता हाकेच्या अंतरावर आलं आहे.

म्हणून ताटात काय वाढायचं, हा प्रश्न उरतोच. पण माझ्या भाचीने परवा दुसरी जिलबी उचलली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, तेव्हा मी विषय बदलला आणि स्वतःही एक घेतली.