रुपया, तास आणि मुसाशीची झोप

हडपसरचा इतिहास सांगणारे १८०२ च्या दिवाळीपासून सुरुवात करतात. २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेला इथल्या माळावर पाणी पाजलं, बाजीराव पुणं सोडून पळाले आणि वर्ष संपता संपता वसईचा तह झाला. मग पालख्या येतात. माउलींची इथून दिवेघाटाकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर गाठते. मग कारखाने, मग मगरपट्टा. या यादीत व्हिडिओ गेमची पार्लरं कुणी घालत नाही. मी घालतो. माझ्या मामांचं गाडीतळाजवळ असं एक पार्लर होतं आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी पोरांचं इंग्रजी, हिशेब आणि भांडण या तिन्ही गोष्टी तिथंच पक्क्या झाल्या.

या धंद्याबद्दल माझं एकच म्हणणं आहे. कुठला खेळ चांगला आणि कुठला फसलेला, हे आमच्याकडे खेळाच्या गुणांवर कधी ठरलंच नाही. ते ठरलं दुकानदार वेळ कशाने मोजून विकतो यावर. आधी रुपयाने, मग तासाने. त्यात सगळ्यात जास्त हाल झाले ते जपानी ॲक्शन रोल-प्लेइंग गेमचे. या जातीच्या खेळात हाणामारी असते, पण नुसती हाणामारी नसते. नायक हळूहळू शिकतो, ताकद कमावतो, गावात फिरतो, लोकांशी बोलतो. थोडक्यात, त्याला वेळ लागतो. आणि वेळ हीच तर आमच्याकडे विकायची वस्तू होती.

मामांचा गाळा दहा बाय बाराचा. आत प्लायवूडच्या पेट्या, त्या इथल्याच सुताराकडून करून घेतलेल्या. पेटीत जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, समोर हँडल आणि बटणं, खाली कॉईनचं भोक. खरा खेळ असायचा मागच्या बोर्डात. जपानी कंपन्यांनी १९८५ पासून ‘जामा’ नावाची एकच जोडणी ठरवून घेतली होती. ५६ पिनांची पट्टी, तिच्यात वीज, चित्र, आवाज, बटणं सगळं आलं. त्यामुळे एक बोर्ड उपसून दुसरा खोचला की त्याच पेटीत नवा खेळ सुरू. मामा बोर्ड आणायला तपकीर गल्लीत जायचे आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते हिरवं घबाड पिशवीतून काढायचे. ते अस्सल नसायचे. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीचे बोर्ड परदेशात कुठेतरी नक्कल होऊन यायचे आणि हडपसरच्या पोरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

बोर्डावर एका कोपऱ्यात बारीक पांढरे खटके असतात. डिप स्विच म्हणतात त्यांना. खेळ किती अवघड असावा, लाईफ किती मिळावेत, हे त्यांवरून ठरतं. शाळांना सुट्टी लागली की मामा पेटीचं मागचं दार उघडायचे, बॉलपेनच्या टोकाने एक-दोन खटके सरकवायचे आणि दार लावून टाकायचे. दुसऱ्या दिवशी तोच बॉस दुप्पट चिवट. मी एकदा विचारलं, ‘‘मामा, हे बरोबर आहे का?’’ तर म्हणाले, ‘‘अरे, एका रुपयात तू अर्धा तास उभा राहिलास तर गाळ्याचं भाडं तुझा बाप देणार का?’’ जपानमध्ये शंभर येनचं नाणं टाकणाऱ्यालाही हेच उत्तर मिळालं असतं, फक्त जरा नम्रपणे. नाण्यावर चालणारा खेळ बनवतानाच त्यात खेळणाऱ्याला मारायची घाई भरलेली असते.

आता या घाईत रोल-प्लेइंग कुठे बसणार? जपान्यांनी तरी बसवून पाहिलं. नामको कंपनीने १९८४ मध्ये ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ हे नाण्याचं मशीन काढलं. मासानोबू एंडो त्याचे कर्ते. साठ मजल्यांचा मनोरा, जवळजवळ प्रत्येक मजल्यावर लपलेली पेटी आणि ती उघडायची युक्ती खेळात कुठेच सांगितलेली नाही. एकट्याने सोडवायचा म्हटलं तर हा खेळ जवळजवळ अशक्य. म्हणून तिथल्या आर्केडमध्ये वह्या ठेवलेल्या असत आणि ज्याला जे सापडलं ते तो पुढच्यासाठी लिहून ठेवी. त्याच वर्षी घरच्या संगणकांवर ‘हायडलाइड’ आणि ‘ड्रॅगन स्लेयर’ आले आणि ॲक्शन रोल-प्लेइंगची वाट पडली.

पुढची अडचण आठवणीची होती. लांबलचक गोष्ट एका बैठकीत संपत नाही, तेव्हा कुठवर आलो हे मशीनने लक्षात ठेवायला हवं. १९८६ च्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये त्यासाठी लांबच लांब परवलीचा मजकूर कागदावर उतरवून घ्यावा लागे. एक अक्षर चुकलं की मेहनत पाण्यात. नंतर फॅमिकॉम या घरच्या टीव्हीला जोडायच्या मशीनच्या कॅसेटमध्येच छोटी बॅटरी बसवू लागले. १९८८ चा तिसरा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ असा बॅटरीवाला होता आणि तो घ्यायला जपानमध्ये दुकानांपुढे मोठ्या रांगा लागल्या.

आमच्याकडे फॅमिकॉमच्या नकला आल्या, त्यांच्या पिवळ्या कॅसेटीही आल्या. वर ‘९९९९९९ इन १’ असं बिनदिक्कत छापलेलं. आत तेच ते चार-पाच खेळ, नावं बदलून. स्वस्तात विकायच्या त्या कॅसेटीत बॅटरी कोण घालणार? म्हणून मारिओ आला, काँट्रा आला, बदकं मारायचा खेळ आला, पण ज्या खेळांना आठवण लागते ते आलेच नाहीत. जपानी पोरं वाढत्या नायकाबरोबर महिनोन् महिने राहत होती, तेव्हा आम्ही बटण दाबलं की पहिल्यापासून सुरू.

या कोंडीतून मामांच्या पार्लरमध्ये जे पोचलं ते ‘नाइट्स ऑफ द राउंड’. कॅपकॉमचा १९९१ चा खेळ. राजा आर्थर, लॅन्सलॉट आणि कुऱ्हाडवाला पर्सिव्हल असे तीन सरदार. दिसायला साधी मारामारी, पण गुण साठत गेले की लेव्हल वाढायची आणि सरदाराचं चिलखत बदलायचं. सुरुवातीचा साधा गडी पुढे भरजरी दिसू लागायचा. आपण खेळतोय त्याची प्रगती डोळ्यांना दिसते, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. आणखी एक गंमत होती. जमिनीवर पडलेलं खाणं किंवा खजिना तलवारीने हाणला की त्याचे तुकडे व्हायचे आणि दोघांना वाटून घेता यायचे. कॉईन कुणी टाकला यावरून तुकड्यांचे हक्क ठरत.

खोटही तितकीच मोठी. हँडल मागे ओढत मारायचं बटण दाबलं की वार अडवता येतो, हे खेळाचं मर्म. पण ते सांगणारा आमच्याकडे कुणी नव्हता. पलीकडच्या गल्लीतल्या एका पोराला ते चुकून सापडलं आणि त्याने ते शेंगदाण्याच्या पुडीच्या बदल्यात एकेकाला विकलं. जपान्यांच्या वहीचं काम इथे शेंगदाण्यांनी केलं. तिघांना एकत्र खेळता येईल असा तो खेळ, पण मामांच्या पेटीला हँडलं दोनच, त्यामुळे एक सरदार कायम बाहेर. आणि सगळ्यांत मोठी खोट म्हणजे कमावलेलं सगळं त्या दिवसापुरतं. पडद्यावर आकडे उलटे धावायला लागत, खिशात रुपया नसला की संपलं. उद्या पुन्हा साधा गडी, साधं चिलखत. गुरुवारी लाईट जायची, तेव्हा तर चौथ्या स्टेजवरचा राजाही क्षणात अंधारात.

नव्वदचं दशक संपत आलं तसा रुपयाचा धंदा खालावला. मामांनी दोन पेट्या भंगारात घातल्या आणि त्यांच्या जागी दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन आणले. आता भाव तासावर, वीस रुपये. सीडी नकली आणि त्या चालाव्यात म्हणून मशीनमध्ये आगाऊ चिप डकवलेली. लेन्सची गाडी झिजली की डबा उलटा ठेवून चालवायचा. तो उलटा डबा पाहून नवीन गिऱ्हाईक बिचकायचं, मग सवय व्हायची.

याच काळात सीडीच्या ढिगात ‘ब्रेव्ह फेन्सर मुसाशी’ निघाला. स्क्वेअर कंपनीचा, १९९८ चा. मियामोतो मुसाशी हा जपानचा दोन तलवारींचा नामांकित योद्धा. त्याच्या नावाचा हा नायक मात्र एक उद्धट, बुटका पोरगा. फिले नावाची राजकन्या त्याला दुसऱ्या जगातून बोलावून घेते आणि राज्य वाचवायला सांगते. याला घरी जायची घाई. हाताशी दोन तलवारी. एक शत्रूची विद्या ओढून घेते, दुसरी पाच पोथ्यांमधून पंचमहाभूतांसारख्या शक्ती मिळवते. स्फटिकांत अडकलेली राजवाड्यातली माणसं एकेक करून सोडवायची, म्हणजे वाडा पुन्हा भरू लागतो. गावात खेळण्यांचं दुकान आहे, तिथे आपणच मारलेल्या राक्षसांच्या बाहुल्या विकत मिळतात आणि खोकं फोडायचं की तसंच ठेवायचं हेही आपणच ठरवायचं. असलं लाडिक डोकं आम्ही कुठल्याच खेळात पाहिलं नव्हतं.

आणि असला छळही पाहिला नव्हता. कॅमेरा नको तिथे वळायचा, उडी फळीच्या अलीकडे पडायची. स्टीमवूड नावाच्या जागी वाफेच्या झडपांचा दाब ठरल्या वेळात आटोक्यात आणायचा असतो. तिथे अख्ख्या गाळ्याने हात टेकले. पण खरी कमाल पुढेच. मुसाशी थकतो. पडद्यावर त्याच्या थकव्याचा आकडा चढत जातो, अंगातलं बळ उतरत जातं आणि त्याला झोपवावं लागतं. गावातली दुकानंही ठराविक वेळेलाच उघडतात, तेव्हा सकाळ होईस्तोवर थांबा.

तासाला वीस रुपये मोजून नायकाला झोपवायचं! एका गिऱ्हाइकाने मामांकडे झोपेचे पैसे वजा करून मागितले. मामा म्हणाले, ‘‘लॉजवाला झोपेचेच घेतो की.’’ त्यात मेमरी कार्ड दुकानाचं, त्यावर १५ खण. संध्याकाळी कुस्तीचा खेळ खेळणारे यायचे आणि आपला पैलवान ठेवायला जागा हवी म्हणून कुणाचा तरी खण पुसायचे. माझा मुसाशी असाच दोनदा गेला. नायकाच्या वाढीला आठवण मिळाली होती, पण ती आठवण सार्वजनिक होती.

म्हणून आमच्याकडे ‘मुसाशी’ हा फसलेला खेळ ठरला आणि सीडी ढिगाच्या तळाशी गेली. २००० च्या सुमारास मगर मंडळींनी आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारायला घेतली, ऊस होता तिथे सायबरसिटी झाली. भाड्याने राहायला आलेल्या पोरांच्या खोलीत संगणक होतेच, तासाने पैसे कोण देणार? मामांनी गाळ्यात झेरॉक्स टाकलं, पुढे मोबाइलचे रिचार्ज. मला नोकरी लागल्यावर मी एक जुनं प्लेस्टेशन घेतलं, स्वतःचं मेमरी कार्ड घेतलं आणि ‘मुसाशी’ शेवटापर्यंत खेळलो.

कॅमेरा तसाच वाईट, उड्या तशाच आंधळ्या. या खोटी खऱ्या आहेत आणि त्या ओसाकात खेळा की हडपसरात, सारख्याच नडतात. पण झोप? घड्याळ नसलं की ती या खेळातली सगळ्यांत गोड गोष्ट आहे. संध्याकाळचा रंग उतरतो, गावकरी घरी जातात, मुसाशी पेंगायला लागतो आणि आपलंही चित्त जरा ठिकाणावर येतं. ज्याने हे रचलं त्याने घरी बसून, उद्या पुन्हा येणारा खेळाडू गृहीत धरला होता. वीस रुपयांचा तास त्याच्या हिशेबात नव्हता.

‘नाइट्स ऑफ द राउंड’चं नेमकं उलटं झालं. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या खेळांचा एक संच काढला, त्यात तो आहे. कॉईन हवे तितके, फुकट. मेलं की बटण दाबा, पुढे चला. तासाभराच्या आत शेवटच्या गॅरिबाल्डीपर्यंत पोचता येतं आणि वाटेत चिलखत कधी बदललं हे लक्षातही राहत नाही. रुपयाची भीती काढली की त्या खेळातली वाढ पोकळ होते.

दरम्यान पुणं स्वतःच खेळ बनवू लागलं. इथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला होता, तरी ते रेटून पुढे गेले. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं. चित्रं आणि वास्तू यांची वाहवा झाली, लढाईला नावं ठेवली गेली. देखणा पण अडखळणारा, म्हणजे मुसाशीचाच भाऊबंद. पण एकदाच पैसे देऊन तो आपला होतो, त्याच्या खोटी आपल्या सवडीने सोसता येतात. ही चैन आम्हाला नव्हती.

आता माझा भाचा फोनवर खेळतो. त्याचाही नायक थकतो, त्याच्याही डोक्यावर ‘एनर्जी’ची पट्टी आहे. ती भरायला काही तास थांबा, नाहीतर यूपीआयने पैसे भरा. मुसाशीची झोप आणि मामांचा रुपया यांचं असं लग्न लागलेलं आहे, आणि खटके सरकवणारा मामा कुठे बसलाय ते दिसत नाही. आमच्या पेटीला निदान बाहेरून भोक होतं. पैसे कुठून आत जातात आणि खिसा कधी रिकामा झाला, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळायचं.