संकटसमयींची आवराआवर

इ. स. १९४९ च्या उन्हाळ्यांतील गोष्ट आहे. केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स व त्यांचे सहकारी यांनीं उभारलेला 'एड्सॅक' नांवाचा संगणक नुकताच चालूं लागला होता. त्याच्यासाठीं लिहिलेली एक आज्ञावली, म्हणजे यंत्रानें कोणतें काम कोणत्या क्रमानें करावें हें सांगणारी आज्ञांची मालिका, कांहीं केल्या बरोबर चालेना. त्या दिवसांत एकदां जिन्यानें जातांना विल्क्स यांच्या मनांत आलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच मोठा भाग आपण स्वतःच लिहिलेल्या आज्ञावल्यांतील चुका शोधण्यांत जाणार! ही आठवण त्यांनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. संगणकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसांना तीमधील सत्य निराळें पटवून द्यावें लागत नाहीं.

परंतु विल्क्स यांना छळणाऱ्या चुका लेखकाच्या होत्या. त्यांहून निराळा असा एक प्रकार आहे, त्यांत लेखकाचा दोष नसतो. जी फाइल वाचावयाची ती जागेवर नसते. दूरच्या यंत्राशीं जोडलेली तार मध्येंच तुटते. भागाकाराची वेळ येते आणि भाजक शून्य निघतो. एखादी संख्या तिच्यासाठीं राखलेल्या जागेंत मावत नाहीं. आधण आलें, तांदूळ वैरण्यास घेतले, आणि चूलच विझली, तर त्यांत सुगरणीचा अपराध कोणता? अशा प्रसंगास संगणकशास्त्रांत 'अपवाद' म्हणतात.

अपवादाचें संकट दुहेरी असतें, तें असें. कोणतीही आज्ञावली काम करतांना यंत्राकडून कांहीं ना कांहीं उसनें घेत असते. स्मृतींतील थोडी जागा, उघडलेली फाइल, माहितीच्या कोठाराशीं केलेली जोडणी, हीं सर्व उसनीं साधनें होत. तीं मोजकीं असतात. म्हणून काम संपतांच परत करावीं असा दंडक आहे. सर्व सुरळीत चाललें असतां तो पाळणें कठीण नाहीं. कठीण आहे तें मध्येंच संकट आलें म्हणजे. दूध उतूं जातें आहे असें ऐकून धांवलेली गृहिणी न्हाणीघरांतील नळ बंद करावयास विसरते. दूध वांचतें, आणि खालच्या बिऱ्हाडांत पाणी गळूं लागतें.

आरंभीच्या काळांत यावर एकच उपाय होता. प्रत्येक पायरीनंतर 'झालें कीं नाहीं?' असें विचारावयाचें, आणि 'नाहीं' असें उत्तर आल्यास काय करावें तें तेथल्या तेथें लिहावयाचें. उपाय निर्दोष होता, पण तो माणसाच्या चिकाटीवर अवलंबून होता. शंभर ठिकाणीं विचारावयाचें तर चार ठिकाणीं तें राहून जाई, आणि संकट नेमकें त्या चारांतून शिरे. १९६४ च्या सुमारास आय.बी.एम. कंपनीच्या आश्रयानें निघालेल्या 'पी.एल.-वन' या भाषेनें, अमुक संकट उद्भवल्यास अमुक करावें, असें आधींच सांगून ठेवण्याची सोय केली. पुढें १९७५ च्या डिसेंबरांत जॉन गुडइनफ यांनीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध करून त्याची पद्धतशीर मांडणी केली. त्याच दशकांत अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'क्लू' या भाषेंत तशी व्यवस्था प्रत्यक्ष करून दाखविली. तिचें मर्म थोडक्यांत असें: ज्याला काम निभावत नाहीं त्यानें थांबून हांक मारावी, ज्यानें काम सांगितलें त्यानें ती ऐकावी, त्यालाही निभावत नसेल तर त्यानें आपल्या वरच्याकडे जावें. कारकुनाकडून हेडक्लार्काकडे व तेथून साहेबाकडे कागद चढावा तसा हा प्रकार आहे. कोणीच हांक घेतली नाहीं तर सारें कामच बंद पडतें.

अमेरिकन संरक्षणखात्यानें करविलेल्या 'एडा' या भाषेंत ही सोय घातली गेली तेव्हां सर्वांनाच आनंद झाला असें नाहीं. इंग्लंडचे प्रसिद्ध संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनीं १९८० सालीं ट्युरिंग पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत या भाषेवर कडक टीका केली. अपवादाची सोय तर त्यांना उघड धोक्याची वाटली. आणि भाषेच्या दोषामुळें भरकटणारा पुढला अग्निबाण निरुपद्रवी नसेल, असा इशाराही त्यांनीं दिला.

सोळा वर्षांनीं एक अग्निबाण भरकटला, आणि तो एडा भाषेंत लिहिलेल्या आज्ञावलीमुळेंच भरकटला. ता. ४ जून १९९६ रोजीं सकाळीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयानांत कुरू येथील तळावरून युरोपीय राष्ट्रांचा 'एरियान-५' हा नवा अग्निबाण प्रथमच झेपावला. पृथ्वीभोंवतालच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करण्यासाठीं बनविलेले 'क्लस्टर' मालिकेंतील चार उपग्रह त्याच्या शिरोभागीं होते. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारें ३७ सेकंद सर्व कांहीं यथास्थित होतें. मग ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाण एकाएकीं वांकडा वळला, हवेच्या दाबानें मोडूं लागला, आणि त्याच्यांतच केलेल्या स्वयंविनाशाच्या योजनेनें त्याच्या ठिकऱ्या झाल्या. चारही उपग्रह गेले.

फ्रेंच गणिती जाक-लुई लिओं यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चौकशीमंडळानें १९ जुलै रोजीं आपला अहवाल सादर केला. अग्निबाणाची दिशा व गति सांगणारीं दोन जुळीं यंत्रें त्यावर होतीं. एक बिघडलें तर दुसऱ्यानें काम करावें अशी योजना होती. मात्र दोघांत आज्ञावली एकच, आणि तीही एरियान-४ या आधीच्या अग्निबाणावरून जशीच्या तशी उचललेली. आडव्या वेगाशीं संबंध असलेली एक संख्या ६४ बिटांच्या जागेंतून १६ बिटांच्या जागेंत भरावयाची होती. १६ बिटांच्या जागेंत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. जुन्या अग्निबाणाला ही मर्यादा कधीं जाचली नाहीं. नव्याचा आडवा वेग मात्र सुमारें पांच पटींनीं अधिक होता. मापट्यांत पायलीभर धान्य ओतावें तसें झालें, आणि यंत्रानें अपवादाची हांक मारली.

असे धोक्याचे प्रसंग सात ठिकाणीं येऊं शकतील हें लेखकांना ठाऊक होतें. त्यांपैकीं चार ठिकाणीं त्यांनीं बंदोबस्त केला होता. उरलेल्या तीन ठिकाणीं संख्या मर्यादेंतच राहील असें गृहीत धरलें, कारण यंत्रावरील कामाचा भार शेंकडा ८० च्या वर जाऊं द्यावयाचा नव्हता. त्याहून दैवदुर्विलास हा कीं, हें गणित अग्निबाण जमिनीवर असेपर्यंतच उपयोगाचें होतें! उड्डाणानंतरही तें सुमारें ४० सेकंद चालूं ठेवण्याची चाल एरियान-४ च्या सोयीसाठीं पडली होती. एरियान-५ ला तिची गरज नव्हती.

हांक घेणारा कोणी नव्हता असेंही नाहीं. कोणताही अपवाद झाल्यास बिघाडाची वर्दी द्यावी, नोंद जतन करावी आणि यंत्र बंद करावें, असा नियम ठरलेला होता. त्याप्रमाणें राखीव यंत्र आधीं बंद झालें, आणि ७२ सहस्रांश सेकंदांनीं मुख्य यंत्रही त्याच कारणानें बंद झालें. जातां जातां त्यानें बिघाडाची जी वर्दी धाडली, तिचे आंकडे मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती समजून वाचले. अग्निबाण फार कलला आहे असा त्याचा ग्रह झाला, आणि न झालेली चूक सुधारण्यासाठीं त्यानें इंजिनांचीं तोंडें पूर्ण वळविलीं.

नियम करणाऱ्यांना मूर्ख म्हणणें अन्यायाचें होईल. अपवाद म्हणजे यंत्राच्या एखाद्या भागांत अचानक आलेला बिघाड, अशी त्यांची समजूत होती. तसा बिघाड असता तर बाजूला होऊन जुळ्याच्या हातीं काम सोंपविणें हेंच शहाणपणाचें ठरलें असतें. पण रोग विचारांतच असला म्हणजे तो दोन्ही जुळ्यांना एकाच वेळीं होतो. चौकशीमंडळानेंही या समजुतीवर नेमकें बोट ठेविलें आहे. होअर यांचें भाकीत खरें झालें असें म्हणण्याचा मोह येथें होतो, परंतु तो आवरला पाहिजे. भाषेनें तिला सांगितलें तेवढेंच केलें होतें. संकटांत काय करावें याचा निर्णय माणसांनीं घेतलेला होता, आणि तो चुकला होता.

एरियानच्या यंत्रानें दुकान बंद करण्याची घाई केली. याच्या उलट, बंद करावयाचें तें उघडें राहिल्यामुळें घडलेली एक हकीगत मायकेल नायगार्ड यांनीं २००७ सालच्या 'रिलीज इट!' या आपल्या पुस्तकांत दिली आहे. तींत रक्तपात नाहीं, स्फोट नाहीं. आहेत तीं फक्त विमानतळांवर खोळंबलेलीं माणसें. विमानकंपनीचें नांव त्यांनीं सांगितलेलें नाहीं.

श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी कीं, एका कचेरींत माहिती विचारावयास जाण्यासाठीं पितळेचे मोजके बिल्ले ठेविले आहेत. बिल्ला घ्यावा, आंत जाऊन विचारावें, बाहेर येऊन बिल्ला परत खुंटीला लावावा. माहितीच्या कोठाराशीं जोडणी करण्याची व्यवस्था अशीच असते. त्या कंपनीची आज्ञावली 'जावा' भाषेंत होती. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९५ सालीं जाहीर केलेल्या या भाषेंत, काम सफल होवो वा मध्येंच मोडो, एक 'अखेरचा भाग' चुकूं न देतां पार पाडला जातो. उसनें परत करण्याची जागा हीच. लेखकानें तेथें दोन आज्ञा लिहिल्या होत्या: आधीं विचारलेला प्रश्न मिटवावा, मग बिल्ला खुंटीला लावावा. वाचणाऱ्यास यांत खोट दिसत नाहीं, आणि वर्षानुवर्षें ती कोणालाही दिसली नसती.

एके रात्रीं देखभालीच्या ठरलेल्या कामासाठीं माहितीचें कोठार एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलविण्यांत आलें. बदल निर्विघ्न झाला असें सर्वांना वाटलें. परंतु जुन्या जोडण्या आंतून मेल्या होत्या. पुढचा प्रश्न विचारतांच अपवाद झाला. ठरल्याप्रमाणें अखेरचा भाग सुरू झाला. आणि 'प्रश्न मिटवावा' ही पहिलीच आज्ञा पाळतांना दुसरा अपवाद झाला. म्हणजे आवराआवरच अर्ध्यावर अडखळली! दुसऱ्या आज्ञेपर्यंत कोणी पोंचलेंच नाहीं. बिल्ला खिशांतच राहिला. एकामागून एक सारे बिल्ले असेच गेले, आणि त्यानंतर आलेला प्रत्येकजण रिकाम्या खुंटीसमोर निमूटपणें वाट पाहत उभा राहिला. कोणी ओरडलें नाहीं, कारण वाट पाहणें हा अपवाद नव्हे. प्रवाशांनीं स्वतः नोंद करावयाचीं यंत्रें थंडावलीं, आणि तीं पुन्हां चालूं होईपर्यंत सुमारें तीन तास गेले.

आवराआवरीचें काम संकटाच्या क्षणीं लेखकाला आठवेल या भरंवशावर कां ठेवावें, हा प्रश्न त्यापूर्वींच कांहीं जणांना पडला होता. बेल लॅबोरेटरीजमध्यें 'सी प्लस प्लस' ही भाषा घडविणारे बियार्ने स्ट्राउस्त्रुप यांनीं त्याचें उत्तर निराळ्या दिशेनें शोधलें. साधन उसनें घेतांनाच तें एका वस्तूच्या स्वाधीन करावें. त्या वस्तूचें आयुष्य संपलें, मग तें सुखानें संपो वा अपवादानें, कीं साधन आपोआप परत जावें. परत करण्याची वेगळी आज्ञा लिहावयासच नको. घेणें आणि परत करणें यांची गांठ पहिल्या क्षणींच बांधली गेली. २००६ सालीं 'पायथन' भाषेनेंही अशा कामासाठीं एक स्वतंत्र वाक्यरचना स्वीकारली.

जावाला हें शहाणपण येण्यास २०११ साल उजाडावें लागलें. ही सुधारणा सुचविणारे जोशुआ ब्लॉख हे त्या भाषेच्या मूळ ग्रंथालयाचे एक शिल्पकार. त्यांनीं त्या ग्रंथालयाचीच तपासणी केली तेव्हां असें आढळलें कीं, २००७ सालीं साधनें बंद करण्याच्या आज्ञा जेथें जेथें वापरल्या होत्या, त्यांपैकीं दोनतृतीयांश ठिकाणीं त्या चुकलेल्या होत्या. भाषेचे कर्तेच जेथें चुकतात तेथें विमानकंपनीच्या त्या अनाम लेखकास किती दोष द्यावा? ब्लॉख यांनीं स्वतःसही सोडलें नाहीं. जावामधील कोड्यांवर आपण व एका सहकाऱ्यानें लिहिलेल्या पुस्तकांत ८८ व्या पानावर हीच चूक आपल्या हातून झाली, आणि कित्येक वर्षें ती कोणाच्याही लक्षांत आली नाहीं, अशी कबुली त्यांनीं छापून दिली आहे.

या सुधारणेंत आणखी एक बारकावा आहे. बंद करतांना उद्भवलेला दुसरा अपवाद पूर्वीं पहिल्याला झांकून टाकीत असे. तपास करणारास धूर दिसे, पण आग कोठें लागली तें कळत नसे. नव्या व्यवस्थेंत पहिला अपवादच पुढें जातो, आणि दुसरा त्याच्या पाठीशीं नोंदला जातो.

कुरू येथें नष्ट झालेले चार उपग्रह युरोपीय अंतराळ संस्थेनें पुन्हां बांधविले, आणि २००० सालच्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत रशियन सोयुझ अग्निबाणांनीं ते बैकानूरहून दोन-दोन करून वर पाठविले. रुम्बा, साल्सा, सांबा आणि टँगो अशीं नृत्यांचीं नांवें त्यांना मिळालीं. ते वीस वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिले. त्यांपैकीं साल्सा हा उपग्रह सोडून द्यावा आणि तो फिरत फिरत कोठेंही पडावा, असें संस्थेनें होऊं दिलें नाहीं. त्याची कक्षा आधींच बदलून ठेविली होती, आणि त्या आंखणीप्रमाणें ८ सप्टेंबर २०२४ रोजीं त्यानें दक्षिण पॅसिफिक महासागराच्या निर्मनुष्य भागावर वातावरणांत प्रवेश केला.